आरोग्य-चिंतन : नवें यकृत आणि घरचा पहारा

गेल्या महिन्यांत एका वाचकभगिनीचें आलेलें पत्र ह्या वेळीं आम्ही विचारासाठीं घेतलें आहे. त्यांच्या घरीं तेरा माणसें एकत्र नांदतात. तीन वर्षांपूर्वीं त्यांच्या धाकट्या दिरांचें यकृत पार निकामी झालें, तेव्हां त्यांच्या पत्नीनें, म्हणजे पत्रलेखिकेच्या धाकट्या जावेनें, आपल्या यकृताचा एक भाग देऊन पतीचे प्राण वांचविले. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, दीर पुन्हां कामावर जाऊं लागले आणि घराचें चक्र पूर्ववत् फिरूं लागलें. परंतु मध्यंतरीं कोणा स्नेह्यानें सहज बोलतांना सांगितलें, कीं यकृत बदललेल्या माणसास ज्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात, त्यांच्यामुळेंच पुढें कर्करोग होतो. तें ऐकल्यापासून घरांत दोन तट पडले आहेत. सासूबाईंचें म्हणणें असें, कीं गोळ्या हळूहळू सोडाव्या आणि अंगांत शक्ति यावी म्हणून गुळवेलीचा काढा सुरू करावा. थोरले बंधु म्हणतात, असल्या गप्पांकडे लक्षच देऊं नये. आणि जिनें यकृत दिलें ती जाऊ कांहींच बोलत नाहीं. मात्र रात्रीं तिला झोप लागत नाहीं. "ह्यांत खरें कोणाचें ?" असा ह्या भगिनींचा प्रश्न आहे.

उत्तर प्रथमच स्पष्ट शब्दांत सांगतों. गोळ्यांमुळें कर्करोगाचा संभव वाढतो, हें सासूबाईंचें भय खरें आहे. पण म्हणून त्या गोळ्या घरच्या घरीं कमी कराव्या किंवा सोडाव्या, हें सर्वथा चूक आहे. तसें केल्यास कर्करोगाची वाट पाहण्याचेंही कारण उरणार नाहीं. कारण दान मिळालेलें यकृतच त्यापूर्वीं नष्ट होण्याची भीति आहे. उलट, थोरल्या बंधूंची बेफिकिरीही तितकीच अयोग्य होय. ह्या दोन टोकांच्या मधला जो मार्ग आहे, तो चालण्यास घरांतील सर्व माणसांचें साहाय्य लागतें. तो मार्ग कोणता, हें आतां पाहूं.

ह्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. माणसाच्या शरीरांत दुसऱ्याचें यकृत बसविण्याचा पहिला प्रयत्न अमेरिकेंतील डेन्व्हर शहरीं डॉ. थॉमस स्टार्झल यांनीं १९६३ सालीं केला. तो रोगी शस्त्रक्रियेंतच दगावला. पुढें १९६७ सालीं त्यांना प्रथम यश आलें, आणि एक लहान मुलगी नव्या यकृतावर वर्षाहून अधिक काळ जगली. ती अखेरीस गेली ती यकृताच्या मूळच्याच कर्करोगानें. म्हणजे आजच्या आपल्या विषयाची छाया ह्या शस्त्रक्रियेवर तिच्या पहिल्या यशापासूनच पडलेली आहे.

शस्त्रवैद्यांचें कौशल्य पुढें वाढत गेलें, तरी एक अडचण कायम होती. आपल्या रक्तांतील पांढऱ्या पेशी ह्या वाड्याच्या दारावरील जुन्या इमानी पहारेकऱ्यासारख्या आहेत. घरचें कोण आणि परका कोण, हें ओळखून परक्यास बाहेर काढणें एवढेंच त्यांस ठाऊक. नवें यकृत घराचा जीव वांचविण्यासाठीं आलें आहे, हें त्यांस कळत नाहीं. त्या त्यावर तुटून पडतात. म्हणून पहारेकऱ्यास किंचित् गुंगी आणणारीं औषधें द्यावीं लागतात. त्यांतील सायक्लोस्पोरिन हें औषध नॉर्वे देशांतील पठारावरच्या मातींत सांपडलेल्या बुरशीपासून निघालें आणि १९८३ सालीं अमेरिकेंत मान्य झालें. त्याच्याहून प्रभावी असें टॅक्रोलिमस जपानांतील त्सुकुबा येथील मातींतल्या सूक्ष्मजंतूपासून १९८४ सालीं हातीं आलें. आज यकृत बदललेल्या बहुतेक रोग्यांचा मुख्य आधार हेंच औषध आहे. जिवंत माणसाच्या यकृताचा भाग काढून दुसऱ्यास देण्याची युक्ति १९८९ सालीं ऑस्ट्रेलियांतील ब्रिस्बेन येथें साधली. तेथें एका जपानी मातेनें आपल्या मुलास यकृताचा भाग दिला. आपल्याकडे अवयवारोपणाचा कायदा १९९४ सालीं झाला आणि यकृतारोपण १९९८ सालीं दिल्लीस प्रथम यशस्वी झालें. आपल्या देशांत हें दान बहुतेक वेळां जिवंत आप्ताकडूनच येतें. म्हणून हा विषय आपल्याकडे रुग्णालयाचा आहे तितकाच कुटुंबाचाही आहे.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. शरीरांत दररोज असंख्य पेशी नव्यानें तयार होतात आणि त्यांतील कांहीं बिघडलेल्या निघतात. अशा पेशी वेळींच ओळखून नाहींशा करणें हेंही त्याच पहारेकऱ्याचें एक काम असावें, असा विचार ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ मॅक्फार्लेन बर्नेट यांनीं १९५७ च्या सुमारास मांडला होता. तो किती अंशीं खरा आहे, हें अवयवारोपणानेंच प्रत्ययास आणून दिलें. १९६९ सालीं डॉ. इझ्रायल पेन आणि त्यांचे सहकारी यांनीं, ज्यांस दुसऱ्याचा अवयव बसविला होता अशा रोग्यांत लसिकाग्रंथींचे कर्करोग उद्भवल्याचें दाखवून दिलें. पहारा ढिला झाला कीं बिघडलेली पेशी निसटून जाते. शिवाय, कांहीं कर्करोगांस कारण होणारे विषाणु आपल्या शरीरांत वर्षानुवर्षें दबून असतात. त्यांसही डोकें वर काढण्यास संधि मिळते.

हा धोका किती, हें आंकड्यांत सांगणें बरें. कारण आंकडा नसला कीं भीतीला सीमा राहत नाहीं. अमेरिकेंत १९८७ ते २००८ ह्या काळांत झालेल्या १,७५,७३२ अवयवारोपणांचा अभ्यास २०११ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत मूत्रपिंड, यकृत, हृदय व फुप्फुस अशा सर्वच अवयवांचे रोगी होते. त्यांच्यांत कर्करोगाचें प्रमाण सामान्य जनांच्या सुमारें दुप्पट आढळलें. कर्करोगाचे ३२ प्रकार अधिक प्रमाणांत दिसले. पण स्तनाचा आणि पुरुषांतील प्रोस्टेट ग्रंथीचा हे दोन नेहमींचे प्रकार वाढलेले दिसले नाहींत. "दुप्पट" ह्या शब्दानें घाबरून जाऊं नये. एखादा रोग हजारांत दहांस होत असेल, तर दुप्पट म्हणजे हजारांत वीस. उरलेले नऊशें ऐंशी त्यांतून मोकळेच राहतात. उलट ज्याचें यकृत पूर्णपणें निकामी झालें आहे, त्याच्यापुढें शस्त्रक्रियेवांचून बहुधा मृत्युच उभा असतो. तेव्हां गोळ्यांच्या धोक्याची तुलना निरोगी माणसाच्या आयुष्याशीं न करितां, ज्या संकटांतून रोगी बाहेर आला त्याच्याशीं केली पाहिजे.

यकृतारोपणानंतर कर्करोग तीन वाटांनीं येऊं शकतो. पहिली वाट जुन्या शत्रूची. कित्येकांचें यकृत मुळांत त्यांतील कर्करोगामुळेंच बदललेलें असतें. अशा रोग्यांपैकीं कोणास ही शस्त्रक्रिया करावी, ह्याचा दंडक मिलान येथील डॉ. माझाफेरो यांनीं १९९६ सालीं घालून दिला. गांठ एकच असल्यास ती पांच सेंटिमीटरांपेक्षां मोठी नसावी. अनेक असल्यास त्या तीनपेक्षां अधिक नसाव्या आणि त्यांतील कोणतीही तीन सेंटिमीटरांहून मोठी नसावी. तसेंच रोग रक्तवाहिन्यांत किंवा यकृताबाहेर पसरलेला नसावा. ह्या कसोटीनें निवडलेल्या त्यांच्या ४८ रोग्यांपैकीं चार वर्षांनीं शेंकडा ७५ हयात होते. तरीही निसटलेली एखादी पेशी पुढें नव्या यकृतांत वा फुप्फुसांत रुजूं शकते. असें झालें तर तें बहुधा पहिल्या दोनतीन वर्षांत होतें. म्हणून त्या काळांत ठराविक मुदतीनें छायाचित्रें व रक्ततपासणी करतात.

दुसरी वाट नव्यानें उद्भवणाऱ्या कर्करोगांची, आणि पत्रलेखिकेच्या दिरांस लागू आहे ती मुख्यतः हीच. त्यांत लसिकाग्रंथींच्या वाढीचा एक विशिष्ट विकार येतो. त्याच्या मुळाशीं पुष्कळदां एप्स्टाइन-बार नांवाचा विषाणु असतो. हा विषाणु बहुतेकांच्या शरीरांत लहानपणींच येऊन निद्रिस्त राहिलेला असतो. ज्यांस तो पूर्वीं कधींच झालेला नसतो, विशेषतः लहान मुलें, त्यांस आरोपणानंतरच्या पहिल्या वर्षांत अधिक जपावें लागतें. ह्या विकाराविषयीं एक आशादायक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९८४ सालीं डॉ. स्टार्झल यांनीं दाखविलें, कीं गुंगीचीं औषधें कमी केल्यावर कांहीं रोग्यांच्या अशा गांठी आपोआप विरून गेल्या. पहारेकरी जागा झाला आणि त्यानें आपलें काम केलें. परंतु ही मात्रा किती व केव्हां उतरवावयाची, हा निर्णय यकृताच्या व रक्ताच्या तपासण्या हाताशीं असलेल्या वैद्याचा आहे, घरच्या अंदाजाचा नव्हे.

तिसरी वाट म्हणजे दात्याच्या अवयवाबरोबरच एखादी रोगट पेशी येणें. असें अत्यंत क्वचित् घडतें, आणि तें टाळण्यासाठींच दात्याची आधीं कसून तपासणी होते.

पाश्चात्य ग्रंथांत ह्या विषयावर वाचूं लागल्यास सर्वांत अधिक पानें त्वचेच्या कर्करोगास दिलेलीं आढळतात. तेथील गोऱ्या कातडीच्या लोकांत अवयवारोपणानंतर तो अनेक पटींनीं वाढतो. आपल्या वर्णाच्या लोकांत तो पुष्कळच कमी आढळतो. म्हणून तिकडची भीति जशीच्या तशी इकडे आणूं नये. तरी भर उन्हांत हिंडतांना छत्री, टोपी व पूर्ण बाह्यांचा सदरा हवा, आणि न भरणारा व्रण किंवा वाढत जाणारा चट्टा वैद्यास दाखविलाच पाहिजे.

आपल्याकडे खरी दृष्टि ठेवावयाची ती तोंडावर. ज्यांचें यकृत मद्यपानानें गेलें आणि जे धूम्रपानही करीत असत, त्यांस आरोपणानंतर तोंड, घसा, अन्ननलिका व फुप्फुस यांच्या कर्करोगाचा धोका विशेष असतो. "आमच्या घरीं ह्यांतलें कांहींच नाहीं" असें कित्येक वाचक म्हणतील. परंतु तपकीर, मशेरी, तंबाखूचा विडा ह्या वस्तु सभ्य घरांतही कोनाड्यांत दिसतात. आणि जेवणानंतरची सुपारी तर आपण व्यसनांत मोजतच नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २००४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत नुसती सुपारीही, तंबाखूवांचून, कर्करोगकारक ठरविली आहे. ज्याचा पहारा आधींच ढिला आहे, त्याच्यापुढें पानाचें तबक सरकविणें म्हणजे चोराच्या हातीं किल्ली देणें होय. पाहुणचार म्हणूनही तें करूं नये.

वैद्यांच्या हातीं काय आहे, तेंही थोडक्यांत सांगतों. धोका औषधाच्या मात्रेबरोबर वाढतो. म्हणून यकृत सुरक्षित राहील इतकी, पण त्याहून अधिक नाहीं, अशी मात्रा ठेवण्याकडे त्यांचा कटाक्ष असतो. वारंवार रक्त तपासतात तें ह्याचसाठीं. ही तपासणी सकाळची गोळी घेण्यापूर्वीं करावयाची असते. गोळी घेऊन रक्त दिल्यास आंकडा खोटा मोठा येतो आणि मात्रा चुकते. कांहीं रोग्यांत टॅक्रोलिमस कमी करून जोडीस निराळ्या जातीचें औषध देतात. त्या जातीचें पहिलें औषध सिरोलिमस. त्याची कथा मोठी मनोरंजक आहे. प्रशांत महासागरांतील ईस्टर बेटावरील मातींतून तें मिळालें. पंजाबांत जन्मलेले डॉ. सुरेंद्रनाथ सहगल यांनीं कॅनडांतील माँट्रिअल येथें त्याचा शोध लावला आणि १९७५ सालीं तें जगापुढें आलें. पुढें प्रयोगशाळाच बंद झाली, तेव्हां त्यांनीं ते सूक्ष्मजंतु स्वतःच्या घरच्या शीतपेटींत सांभाळून ठेवले. हें औषध पहारेकऱ्यास आंवरतें, तसेंच पेशींच्या बेसुमार वाढीसही आळा घालतें. मूत्रपिंड बदललेल्या ज्या रोग्यांस त्वचेचा कर्करोग एकदां झाला होता, त्यांस तें दिल्यावर तो पुन्हां होण्याचें प्रमाण घटलें, असें २०१२ सालीं दिसून आलें. परंतु यकृताच्या कर्करोगाबाबत २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगांत पहिल्या कांहीं वर्षांतला फायदा पुढें टिकला नाहीं. शस्त्रक्रियेनंतर लगेच तें देणेंही धोक्याचें असतें. म्हणून ही रामबाण मात्रा समजूं नये.

आतां काढ्याविषयीं. सासूबाईंचा हेतु वात्सल्याचा आहे, ह्यांत शंका नाहीं. पण "अंगांतली प्रतिकारशक्ति वाढविणारें" म्हणून जें जें विकलें जातें, तें तें ह्या रोग्यास वर्ज्य समजावें. इतरांस जो पहारेकरी जागा असावयास हवा, तोच येथें जागा झाला तर जावेनें दिलेल्या यकृतावर चालून जाईल. गुळवेलीविषयीं आणखी एक गोष्ट आहे. २०२१ सालीं मुंबईंतील यकृततज्ज्ञांनीं गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतास इजा झालेल्या सहा रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानें तो निष्कर्ष मान्य केला नाहीं, आणि वनस्पतीची ओळखच नीट पटविलेली नाहीं असा आक्षेप घेतला. तो वाद निरोगी माणसांपुरता बाजूस ठेवला, तरी दुसऱ्याच्या यकृतावर जगणाऱ्या माणसानें हा प्रयोग करून पाहूं नये, हें निश्चित. ग्रेपफ्रूट व पपनस ह्या फळांनीं रक्तांतील टॅक्रोलिमसचें प्रमाण अकल्पित वाढूं शकतें, तींही टाळावीं.

घरांत पाळावयाचे नियम असे. गोळ्यांच्या वेळा चुकूं देऊं नयेत. घरांत सुपारी, तंबाखू व मद्य ह्यांस थारा नसावा. वजन वाढूं देऊं नये. कारण वाढलेला मेद नव्या यकृतांतही साठतो. कावीळ-ब मूळ कारण असेल, तर तिचीं औषधें कंटाळून सोडूं नयेत. महिन्यांतून एकदां चांगल्या उजेडांत तोंड उघडून जीभ, गाल व हिरड्या घरच्यांनीं पाहाव्या. पांढरा वा लाल चट्टा, दोनतीन आठवड्यांत न भरणारा व्रण, मानेंत, कांखेंत किंवा जांघेंत गांठ, कारणावांचून घटणारें वजन, पुष्कळ दिवस रेंगाळणारा ताप, गिळतांना अडथळा, शौचावाटे रक्त, ह्यांपैकीं कांहींही दिसलें तर आरोपण करणाऱ्या वैद्यास त्याच आठवड्यांत भेटावें. वयोमानाप्रमाणें सर्वांनीं करावयाच्या तपासण्या ह्या रोग्यानें तर चुकवूंच नयेत. स्त्रीरोग्यांनीं गर्भाशयमुखाची तपासणी संकोचानें टाळूं नये. ज्यांचें यकृत पित्तनलिकांच्या जुनाट दाहानें गेलें आणि ज्यांस मोठ्या आंतड्याचाही व्रणयुक्त दाह आहे, त्यांनीं तें आंतडें दुर्बिणीनें दरवर्षीं तपासून घ्यावें. ह्या सर्व तारखा दिनदर्शिकेवर, एकादशी-चतुर्थीच्या शेजारींच, लिहून ठेवाव्या.

आणि आतां त्या जाऊबाईंसाठीं दोन शब्द. त्यांनीं पत्र लिहिलें नाहीं. पण रात्रीं जागून त्या जो प्रश्न स्वतःस विचारीत असतील, तो आम्हांस ऐकूं येतो. आपण दिलेल्या दानानें पतीचें संकट टळलें, कीं केवळ लांबलें ? बाईसाहेब, आपल्या यकृतानें कर्करोग आणलेला नाहीं. धोका वाढवितात तीं औषधें, आणि तीं औषधें आपण घेत नसल्यामुळें ह्या कारणानें आपणांस कोणतेंही भय नाहीं. आपण दिलेल्या भागावर आपले पति तीन वर्षें कामावर जात आहेत. पुढील वर्षें निश्चिंतपणें जातील अशी हमी कोणीही वैद्य देणार नाहीं. पण जें येईल तें लवकर दिसावें, एवढी व्यवस्था आपल्या हातीं आहे, आणि लवकर दिसलेल्या कर्करोगावर आज पुष्कळ उपाय होऊं शकतात.

असो. पत्रलेखिका भगिनींनीं आमचें एक सांगणें सासूबाईंच्या कानीं घालावें. ह्या गोळ्या बहुधा बारा तासांच्या अंतरानें दोनदां घ्यावयाच्या असतात. सकाळची पूजा आणि सायंकाळची दिवेलागण ह्यांची वेळ त्या घरांत सासूबाईंहून अधिक कोणास ठाऊक असणार ? काढ्याचें पातेलें उतरवून ठेवावें, आणि धाकट्या मुलाच्या गोळ्यांची डबी त्यांनीं आपल्या ताब्यांत घ्यावी. वैद्यांनीं ठरवून दिलेल्या वेळीं त्यांनीं हांक मारली, कीं ती कोणी टाळणार नाहीं.